ठिपका हलत नाहीये

२ सप्टेंबर

साहेबांनी माझा रजेचा अर्ज दोनदा वाचला आणि खुर्ची पुढे ओढली.

"घरी काही झालंय का?"

"नाही."

"तब्येत?"

"ठणठणीत."

"मग कुणाचं लग्नबिग्न?"

"नाही हो. डोंगरातली लांब वाट आहे ना, ती चालायची आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकटीने."

त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, मोकळेपणाने सांगा. काय झालंय?"

काय व्हायला हवं होतं? बाईने कुठे जायचं तर आधी काहीतरी वाईट घडावं लागतं, असा नियमच दिसतोय. कुणी गेलं पाहिजे, नाहीतर अंगात गाठ तरी निघाली पाहिजे. माझं काहीही बिनसलेलं नाही. एक्कावन्न वर्षांची आहे, गुडघे शाबूत आहेत, आणि मला जायचंय.

आमची कंट्रोल रूम तळमजल्यावर, बिनखिडक्यांची. भिंतभर पडदा, पडद्यावर नकाशा, आणि कंपनीचा प्रत्येक ट्रक म्हणजे त्यावरचा एक ठिपका. चालता असला की हिरवा, थांबला की पिवळा, फार वेळ थांबला की लाल. एसी गळतो म्हणून खाली बादली, आणि भरलेली बादली कुणी ओतायची यावरून रोजची वादावादी. ठिपका लाल झाला की मी फोन उचलते आणि विचारते, "का थांबलात?" हा प्रश्न मी आयुष्यात जितक्या वेळा विचारला असेल, तितक्या वेळा नवऱ्याला "वाढू का?" असंही विचारलं नसेल.

ड्रायव्हर लोक नाही नाही ते सांगतात. टायर, पोट, मेव्हण्याचं पोट. एका मिशाळ ड्रायव्हरने तर कहर केला. ट्रकमधलं यंत्र काढून दुधाच्या टेम्पोला बांधलं आणि स्वतः बहिणीकडे जेवायला गेला. भरलेला ट्रक दर दोन गल्ल्यांनी थांबतोय म्हटल्यावर मला कळणार नाही? महिनाभर घरी बसला बेटा. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

त्या नकाशावर उजवीकडे वर एक मोठा भाग आहे, जिथे आमचा एकही ठिपका जात नाही. तिथे रस्ताच नाही. डबा खाताना मी नेहमी तिकडे बघत बसते. हे साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरचा नंबर दिला असता.

रजा मिळाली. बिनपगारी.

५ सप्टेंबर

आज ह्यांच्या चष्म्याच्या दुकानात बैठक बसली. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दादा डोळे तपासायच्या उंच खुर्चीत जाऊन बसला आणि तिथून मला उपदेश करत होता. मी एक्कावन्नची झाले तरी त्याच्यासाठी चिमीच आहे.

"चिमे, अगं तुझं वय काय, तू बोलतेस काय? काही टेन्शन आहे का तुला?"

"आहे. तू ती खुर्ची मोडशील याचं."

हे काही बोलत नव्हते. काचा पुसायच्या फडक्याने एकच भिंग पुसत होते. शेवटी त्यांनी गल्ल्याखालून एक नारिंगी डबी काढली, साबणाच्या वडीएवढी. उपग्रहावरून चालते म्हणे. दर थोड्या वेळाने माझी जागा ह्यांच्या, दादाच्या आणि लेकीच्या फोनवर दाखवणार. त्यांचे छोटे निरोप मला येणार. एक हिरवी कळ, रोज संध्याकाळी दाबायची, म्हणजे मी ठीक आहे. एक लाल कळ, ती मरायला टेकले तरच.

"हे बाळगलंस तर जा," हे म्हणाले. "पण ठिपका वाटेवरून सरकला किंवा दिवसाढवळ्या तासन् तास थांबला, तर मी बचाव पथकाला फोन करणार. आणि ते लोक एकदा वर आले की तू त्यांच्याबरोबर खाली यायचंस. तिथे वाद नको. कबूल?"

मी कबूल म्हटलं. त्यावेळी मी कशालाही कबूल म्हटलं असतं.

दादाने लगेच फोनवर ग्रुप काढला. नाव, 'चिमीचा ठिपका'. निघताना ह्यांनी माझ्या नंबरचा एक जादा चष्मा हातात दिला, मागून पट्टा लावलेला. म्हणाले, पट्टा मी घालून बघितलाय, चालताना हलत नाही. दुकानात पडून असेल एखादी फ्रेम.

१० सप्टेंबर

निघाले. पहिलाच चढ असा की श्वास कानात ऐकू येत होता. पाठीवरची सॅक मी घरी भरली तेव्हा बरी वाटली होती. इथे ती आणि मी, दोघींचं पटत नाही.

१३ सप्टेंबर

पाय सुजलेत. डाव्या टाचेला फोड. संध्याकाळी निवाऱ्यात पोचले. निवारा म्हणजे चार भिंती, पत्रा आणि लाकडी फळ्या. बसले आणि मला रडू आलं. कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडले. मग सूप केलं.

डबीवर निरोपांचा पाऊस.

दादा: चिमे, दुपारी तू ओढ्यापाशी बराच वेळ थांबलीस. काय झालं?

हे: उद्या दुपारनंतर वारा आहे. सकाळी लवकर निघ.

दादा: आज कालच्यापेक्षा कमी चाललीस. झेपत नसेल तर सांग.

हे: टाच कोरडी ठेव. पट्टी डाव्या कप्प्यात आहे.

टाचेचं ह्यांना कसं कळलं? मी कुणालाही सांगितलेलं नाही. बहुतेक ठिपका लंगडत असावा. डाव्या कप्प्यात खरंच पट्टी होती, मी काही ठेवलेली नव्हती. सगळ्यात नाक खुपसायचं.

१७ सप्टेंबर

आता जमायला लागलंय. सकाळी सॅक उचलताना तोंडातून शिवी येत नाही, नुसता आवाज येतो.

या वाटेला खुणा म्हणजे दगडांचे छोटे ढीग. एका ढिगापाशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे. दिसला नाही तर हलायचं नाही, असं पहिल्या निवाऱ्यात लिहून ठेवलंय. ही पद्धत मला फार आवडली. आमच्या कंपनीत कुणी इतकं सोपं काही लिहून ठेवलेलं नाही.

२१ सप्टेंबर

निवाऱ्यात एक दंतवैद्यीण भेटली. उंच, चटपटीत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. घटस्फोट झालाय, म्हणून चालतेय. तिच्या आधी भेटलेला म्हातारा बायकोच्या आठवणीत चालत होता. त्याच्या आधीचा मुलगा दारू सोडायला. सगळ्यांजवळ आपापलं कारण आहे आणि ते सगळे ते पहिल्या चहालाच सांगून टाकतात.

"आणि तुमचं काय?" तिने विचारलं.

"माझं काही नाही."

"असं कसं? काहीतरी असेलच ना आत."

"आत सूप आहे. तुम्हाला देऊ का?"

ती हसली, पण तिचा विश्वास बसला नाही. झोपताना म्हणाली, "बोलावंसं वाटलं तर उठवा मला." मी काय बोलणार? माझा नवरा मला मारत नाही, पितही नाही, दुकान बंद करून वेळेवर घरी येतो. मी त्याच्यापासून पळून आलेली नाही, हे एकदा फळीवर कोरून ठेवावं का?

सकाळी ती माझ्याआधी निघून गेली. माझ्या बुटात एक नवीन टूथब्रश ठेवला होता.

२९ सप्टेंबर

आज जे झालं ते शांतपणे लिहिता येणार नाही, म्हणून तसंच लिहिते.

सकाळी एक अशी जागा लागली की पुढे पाऊल टाकवेना. ओढा, सपाट कातळ आणि त्यावर ऊन. ठरवलं की आज इथेच. सगळे कपडे धुतले. केस धुतले. कातळावर आडवी झाले. डबी सॅकमध्ये, सॅक झाडाला. इतकं बरं झोपले की मला जाग आली ती माणसांच्या आवाजाने.

दोघं जण, पथकाची लाल जॅकेटं घातलेले, घामाघूम. बरोबर घडीचं स्ट्रेचर. मी टॉवेल गुंडाळून उभी.

पुढचा म्हणाला, "इथे एक बाई बेशुद्ध पडल्यात. तुम्हाला दिसल्या का?"

"मीच ती. पण मी बेशुद्ध नाही, मी केस वाळवतेय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्याने स्ट्रेचर खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसला. बिचारे दुपारपासून चढत होते. मी कपडे घातले, त्यांना बिस्किटं दिली. डबी काढून पाहिली तर दादाचे निरोपावर निरोप. शेवटचा होता: ठिपका हलत नाहीये. फोन केलाय. घाबरू नकोस.

मग पुढच्याने त्याच्याजवळच्या उपग्रहाच्या फोनवरून ह्यांना लावून दिला.

"अगं, काय झालंय तुला?" ह्यांचा आवाज भलताच चढलेला.

"काही नाही झालं. कपडे धुतले."

"दिवसभर?"

"केसही धुतले."

मागून दादा, "तिला म्हणावं, आता पुरे झालं. लोकांना कामाला लावलंस."

"ते दोघं आलेच आहेत तर त्यांच्याबरोबर खाली ये," हे म्हणाले. "ठरलं होतं आपलं."

"मी पडले, आजारी पडले तर असं ठरलं होतं. मी नुसती थांबले होते. मला थांबावंसं वाटलं म्हणून."

"ठिपक्यावरून ते कळतं का आम्हाला? इथे बसून आमचं काय झालं असेल?"

"मग ठिपका बघू नका."

"तू येणार आहेस की नाही?"

"नाही."

"मग घरी यायचीही गरज नाही."

आणि फोन बंद. त्यांनी ठेवला की रेंज गेली, मला कळलं नाही. पथकवाला म्हणाला, इथे रेंज येते-जाते. तो चांगुलपणाने बोलला असेल.

मी म्हटलं, मी येत नाही. ते म्हणाले, धडधाकट माणसाला आम्ही ओढून नेऊ शकत नाही. रिकामं स्ट्रेचर घेऊन गेले. जाताना मागच्याने विचारलं, "पण बाई, तुम्ही हे का करताय?"

मी वाळलेले कपडे गोळा करायला लागले.

३० सप्टेंबर

घर मोडून निघाले का मी? सकाळपासून हेच. सव्वीस वर्षांत ते असं कधी बोलले नव्हते. चिडले की ते बोलत नाहीत, भिंगं पुसतात. हातात तेव्हा फडकं नसणार.

पाय उलटे वळवावेत असं तीन-चार वेळा वाटलं. एकदा तर खरंच वळले, आणि उतारावरून खाली चालताना इतकं सोपं वाटलं की त्याचाच राग आला. पुन्हा वर.

दुपारी निवाऱ्यात खेचरवाली भेटली. धिप्पाड बाई, खालच्या रस्त्यापासून निवाऱ्यांना सामान पोचवते. उद्या सकाळी रिकामी खेचरं घेऊन खाली जाणार. तिची खेचरं बघता बघता मला एकदम सुचलं.

१ ऑक्टोबर

करून टाकलं.

डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि सगळ्यात म्हाताऱ्या खेचराच्या पट्ट्याला बांधली. खेचरवालीला सांगितलं की खाली रस्त्याला माझा नवरा भेटेल, उंच, चष्मेवाला, त्यांना द्या आणि मी धडधाकट आहे म्हणून सांगा.

"ते येणार हे नक्की का?" तिने विचारलं.

"ठिपका रस्त्याकडे निघालेला दिसला की दुकानाला कुलूप लावून येतीलच."

ती पोट धरून हसली. "ताई, ते तुम्हाला न्यायला येणार आणि उतरणार कोण, तर ही म्हातारी!"

मीही हसले. मग ती खेचरं वळणाआड गेली आणि हसू गेलं. गळ्यात दोरी नाही म्हटल्यावर मान जरा गार पडते, तसं झालं. पण मी परत हाक मारली नाही.

मिशाळ ड्रायव्हरची आठवण झाली. त्याचं प्रकरण वेगळं होतं. त्याच्या गाडीत कंपनीचा माल होता. माझ्या पाठीवर माझंच सामान आहे.

४ ऑक्टोबर

आज पठारावर धुकं उतरलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. मी शहाणपणा केला आणि दगडांच्या ढिगापासून पुढे निघाले, कारण पुढचा ढीग कुठे असेल ते मला वाटलं की मला माहीत आहे. पुढचा मिळाला नाही. मागचाही मिळेना. घसरले, चष्मा गेला, त्याच्यावरच पाय पडला. सॅकमधून जादा चष्मा काढून घातला. तो बरा बसतो, हलत नाही.

एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसले. थंडीने दात वाजत होते. त्यावेळी डबी जवळ असती तर मी लाल कळ दाबली असती, एकदा नाही, दहादा. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला शूरपणाच्या गप्पा मारता येणार नाहीत. मी इथे मेले तर कुणाला कळणार नाही, असं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ, मी इथे आहे हेसुद्धा कुणाला कळणार नाही. पहिल्याने मी घाबरले. दुसऱ्याने का बरं वाटावं, काही कळलं नाही.

हलले नाही. गाणी म्हटली, येत होती तेवढी, मग आमच्या सगळ्या ट्रकांचे नंबर म्हटले. दुपार टळता धुकं फाटलं आणि ढीग समोरच होता, आमच्या जिन्याएवढ्या अंतरावर.

७ ऑक्टोबर

दिवसभर कुणीही भेटलं नाही. पाहिजे तिथे बसले, पाहिजे तेव्हा उठले. एका वळणावर उगाचच बराच वेळ उभी राहिले. कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

ह्यांच्या हातचा चहा फार गोड असतो. इतके दिवस मी तक्रार करायचे.

१३ ऑक्टोबर

कालचं लिहायला काल हात उचलला नाही.

काल सकाळी वनरक्षकाच्या चौकीवर पोचले. तिथे फोन आहे. लेकीला लावला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि घरच्या भांडणात पडत नाही. पण माझा आवाज ऐकताच फुटली.

"आई! कुठे आहेस तू? तुला काही कल्पना आहे का इथे काय चाललंय?"

"काय?"

"बाबा खेचराला न्यायला गेले होते!"

मला हसू फुटलं, पण तिला नाही.

"हसू नकोस. ठिपका खाली येताना बघून त्यांनी दुकान बंद केलं, रात्रीच्या बसने गेले. तिथे ती खेचरवाली. तिने डबी दिली आणि सांगितलं की पुढे एका फाट्यावर रस्त्याकडून एक वाट वर येते, तिथून आठ-दहा दिवसांनी चढलात तर बाई समोरून येतील. तर बाबा तेवढे दिवस खाली रस्त्यालाच मुक्काम करून राहिले आणि मग निघाले ना. डबी घेऊन. आता ठिपका त्यांचा दिसतोय."

"ते? डोंगरात? त्यांच्याजवळ बूट तरी आहेत का?"

"दुकानात घालतात ते. आई, ऐक. ठिपका सकाळपासून हलत नाहीये. निरोप पाठवले, उत्तर नाही. मी पथकाला फोन करू का?"

मी तिला जागा विचारली. फाट्याच्या अलीकडे, ओढ्याजवळ. म्हटलं, "थांब. आधी मी बघते."

मग मी जी चालले आहे, तशी या सगळ्या वाटेवर कधी चालले नाही. दोन मुक्कामांचं अंतर एका दमात. डोक्यात नुसता तो लाल ठिपका. पडले असतील. छातीत दुखलं असेल. डबी हातातून पाण्यात गेली असेल. बसल्या जागी उत्तर द्यायला काय होतं माणसाला? एक कळ दाबायची, एवढंच तर काम.

दुपारी ओढ्यापाशी पोचले. हे एका दगडावर बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात, मोजे फांदीवर वाळत घातलेले. डबी कोटात, कोट लांब झाडाखाली. चेहऱ्यावर ऊन घेत डोळे मिटून बसले होते.

"अहो!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की माझाच घसा फाटला. "सकाळपासून काय करताय इथे?"

डोळे उघडून म्हणाले, "काही नाही. बसलोय."

"पण का?"

"पाणी छान आहे गं."

मला असा संताप आला! लेक तिकडे जीव मुठीत धरून बसली आहे, मी इथे धावून धावून अर्धमेली, आणि ह्यांना पाणी छान आहे. बेजबाबदारपणाला काही मर्यादा? मी बोल बोल बोलले. ते ऐकून घेत होते. मध्येच म्हणाले, "चष्मा बरा बसलाय." मी खाली बसले आणि रडले. ते पाण्यातून उठून आले, ओल्या पायांनी, लंगडत, आणि शेजारी बसले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "घरी यायची गरज नाही, असं म्हटलं मी."

"म्हटलंत."

"फोनवर आवाज जरा वेगळाच येतो."

एवढीच माफी. मी घेतली.

दोन्ही टाचांना फोड, मोठे. ह्यांनी बरोबर सगळं आणलेलं. पट्ट्या, मलम, माझ्या आवडीची बिस्किटं. पायात मात्र ते गुळगुळीत तळव्यांचे बूट. मी टाचा पुसल्या, कोरड्या केल्या, पट्टी लावली. मोडलेलं-मुरगळलेलं काही नव्हतं. तिथून रस्ता खाली दोन-अडीच तासांवर. उतार सोपा आहे, खेचरं जातात.

त्यांनी बूट चढवले, उभे राहिले आणि माझी सॅक उचलायला वाकले. "चल. अंधार पडायच्या आत रस्त्याला लागू."

मी सॅकचा पट्टा धरून ठेवला.

"माझे अजून पाच मुक्काम आहेत," मी म्हटलं.

"अगं, मी असा लंगडतोय. मला सोडून जाशील?"

खरं सांगते, जीव तुटला. बाईने अशा वेळी काय करायचं हे मला कुणी शिकवावं लागत नाही. नवऱ्याचा हात खांद्यावर घ्यायचा आणि हळूहळू उतरायचं. लोकांनी वाहवा केली असती. दादाने तर डोळे पुसले असते. आणि जन्मभर सगळ्यांना सांगितलं गेलं असतं की ती जवळजवळ पूर्ण चालली, पण ह्यांच्या पायामुळे राहिलं. ते जवळजवळ मला नको होतं.

"फोड आहेत, फ्रॅक्चर नाही," मी म्हटलं. "मी याच्यापेक्षा वाईट पायांनी खिंड चढून आलेय. ही माझी काठी घ्या. उतरताना टाच आधी टेकवू नका. ओढा डाव्या हाताला ठेवा. दगडांचा ढीग दिसला नाही तर पुढे जाऊ नका."

"आणि तू?"

"मी वर."

"निदान हे तरी ने." त्यांनी डबी पुढे केली.

"तुमच्याजवळ राहू द्या. लेकीला तुमची काळजी आहे. संध्याकाळी हिरवी कळ दाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडतील. भांडले नाहीत. डबी कोटाच्या खिशात घातली, खिशाचं बटण लावलं आणि काठी घेऊन निघाले. मी मागे वळून पाहिलं नाही असं लिहिणार होते. पाहिलं, दोनदा. एकदा ते ढिगापाशी थांबून पुढचा शोधत होते. दुसऱ्यांदा दिसलेच नाहीत.

मग चढ लागला. काठी नव्हती, म्हणून वेळ लागला.

१५ ऑक्टोबर

ते नीट पोचले असतील का? मी बरोबर केलं का? काल रडले, आज नाही. आज फक्त चालले. मी बरोबर केलं.

१७ ऑक्टोबर

संपली वाट.

काही कमान-बिमान नाही. जंगल विरळ झालं, एक कुंपण लागलं, मग गॅरेजची मागची भिंत, आणि शेवटचा दगडांचा ढीग तिथे जुन्या टायरांच्या शेजारी. त्याच्यावर कुणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती. मी त्याला हात लावला. गॅरेजवाल्याने मान वर केली आणि पुन्हा बॉनेटमध्ये घातली. मला वाटलं होतं मी ओरडेन तरी. पायातले बूट काढले आणि त्या टायरवर बसून बिस्किटं खाल्ली. आयुष्यात इतकी खूश कधी झाले असेन असं आठवत नाही.

रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर फोन लागला.

"पोचलीस?" हे म्हणाले.

"आत्ताच. तुमच्या टाचा?"

"एक भरलीय. दुसरी स्टुलावर ठेवून बसलोय दुकानात. गिऱ्हाईकं विचारतात."

"काय सांगता?"

"डोंगरात गेलो होतो म्हणतो. कशाला, म्हणतात. मी म्हणतो, असंच."

चहाचा ग्लास भाजत होता, दुसऱ्या हातात घेतला.

"न्यायला येऊ, की तू येतेस?" त्यांनी विचारलं.

"बघते. कळवते."

पुढे "कधी?" येणार म्हणून मी थांबले. ते आलं नाही. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

रजा अजून शिल्लक आहे. ते दिवस मी कुठे आणि कसे घालवते, ते इथेसुद्धा लिहिणार नाही.